चॅटची खिडकी आणि हिरवी शाई

केंद्र शासनाच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेत शाईच्या रंगाबद्दल एक तरतूद आहे. टिपणी निळ्या किंवा काळ्या शाईत लिहावी. हिरवी अथवा लाल शाई सह सचिव व त्यांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनीच, आणि तीही क्वचित प्रसंगी, वापरावी. या तरतुदीला हसणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. फाईल दहा टेबलांवरून फिरून येते, तेव्हा कोणत्या ओळी कोणत्या पातळीवर लिहिल्या गेल्या हे नुसत्या रंगावरून ओळखता येणे ही एके काळी खरोखरीची सोय होती. पुढे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ई-ऑफिस तयार केले, तेव्हाही कायम टिपणीला 'हिरवी' आणि कच्च्या टिपणीला 'पिवळी' हीच नावे ठेवली. पडद्यावर कागद नसतो, पण रंगाला अर्थ होता, म्हणून तो टिकवला.

अशा आमच्या जगात २००० नंतरच्या दशकात चॅटचा प्रोग्रॅम आला. घराघरांत आणि सायबर कॅफेंत तो आधीच पोहोचला होता: आयसीक्यू १९९६ चा, याहू मेसेंजर १९९८ चा, एमएसएन मेसेंजर १९९९ चा. आज यांपैकी एकही उरलेला नाही. एमएसएन २०१३ मध्ये स्काइपमध्ये विलीन झाला आणि स्काइपही मे २०२५ मध्ये बंद झाले. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये आणि आयसीक्यू जून २०२४ मध्ये थांबले. पण त्या काळात या प्रोग्रॅमांनी सामान्य माणसाला एक अधिकार दिला होता, जो त्याला सरकारी कागदावर कधीच मिळाला नव्हता. अक्षर कोणते, केवढे, कोणत्या रंगाचे, खिडकीची पार्श्वभूमी कशी, प्रत्येक ओळीपुढे वेळ दिसावी की नाही, हे सारे तो स्वतः ठरवू शकत होता. आमच्या कार्यालयातला सर्वांत कनिष्ठ लिपिकसुद्धा दोन क्लिकांत हिरवी अक्षरे उमटवू लागला. नियमपुस्तिकेला हे ठाऊकच नव्हते.

या अधिकाराकडे प्रशासन कसे पाहते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. वरवर पाहता तो क्षुल्लक वाटेल. चॅटच्या खिडकीला कोणी गुलाबी रंग दिला काय आणि करडा दिला काय, राज्यकारभाराला त्याचे काय? परंतु माझ्या मते या छोट्या प्रश्नात एक मोठा भेद दडलेला आहे, आणि तो न ओळखल्यामुळे आपण माणसांची विनाकारण गैरसोय करतो.

तो भेद असा. देखावा बदलण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. याहू किंवा एमएसएनमध्ये मी जांभळी, तिरकी, मोठाली अक्षरे निवडली, की ती समोरच्याच्या पडद्यावरही तशीच उमटत. याहूने तर दोघांच्याही खिडकीवर एकच सजावट पसरवण्याची सोय केली होती. एकाने हौसेने काही लावले, की ते दुसऱ्यालाही सोसावे लागे. याच्या उलट, मॅक संगणकावरच्या ॲडियम या प्रोग्रॅममध्ये संदेशाची मांडणी वाचणारा स्वतःपुरती ठरवी. पाठवणाऱ्याने काहीही लिहिलेले असो, ते वाचणाऱ्याच्या पसंतीच्या साच्यात बसून दिसे. पिजिनमध्येही आलेल्या संदेशाची सजावट काढून टाकण्याची एक खूण होती. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर पहिल्या प्रकारात बाह्य परिणाम आहे: माझ्या हौसेची किंमत दुसऱ्याचे डोळे मोजतात. दुसऱ्या प्रकारात तो नाही. माझी खिडकी मी कशीही ठेवली, तरी जगात कोणाचेही काही बिघडत नाही. पहिल्याला मर्यादा घालणे योग्य आहे. दुसऱ्याला मर्यादा घालायला कोणतेही कारण लागते, आणि बहुधा ते नसते. कार्यालयीन आदेश मात्र दोघांना एकाच झाडूने झाडतात.

कोलकात्यातील एका केंद्रीय कार्यालयात मी असताना अंतर्गत जाळ्यावर चालणारा असा एक प्रोग्रॅम होता. विभागांमध्ये पाचसहा मजल्यांचे अंतर, लिफ्टचा भरवसा नाही; त्यामुळे 'फाईल पोहोचली का', 'आकडा तपासून सांगा' अशा गोष्टींसाठी तो फार उपयोगी पडे. तिथल्या बडोबाबूंनी (बंगाली कार्यालयांत हेडक्लार्कला अजूनही हाच शब्द आहे) आपली खिडकी फिकट पिवळी करून अक्षरे बरीच मोठी ठेवली होती. निवृत्तीला दोनएक वर्षे उरलेली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. काम चोख. पुढे एक परिपत्रक निघाले: सर्वांनी प्रोग्रॅमची मूळ मांडणी ठेवावी, वैयक्तिक बदल करू नयेत. कारण 'एकरूपता व शिस्त' एवढेच. तंत्रज्ञांनी सर्व संगणकांवर सेटिंगचा दरवाजाच बंद करून टाकला. बडोबाबूंनी तक्रार केली नाही. त्यांनी शांतपणे चिठ्ठ्या लिहून शिपायाकरवी पाठवायला सुरुवात केली, आणि त्या विभागाचे चॅटवरचे काम हळूहळू आटले. महिनाअखेरीच्या वापराच्या तक्त्यात 'वापर कमी' एवढाच शेरा आला. कारणाचा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. मोठ्या अक्षरांची मुभा मिळावी म्हणून मी तेव्हा एक टिपणी मांडली. चार महिन्यांनी मुभा मिळाली, फक्त त्यांच्या एका संगणकापुरती, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून.

वैद्यकीय प्रमाणपत्र! अक्षर मोठे दिसावे म्हणून.

यात केवळ वयाचा प्रश्न नाही. चॅटचे बहुतेक प्रोग्रॅम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून घडले. रोमन अक्षरांच्या वरखाली फारसे काही नसते. देवनागरीला तीन मजले लागतात: शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, मध्ये अक्षर, खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा पाय. बंगालीचेही तसेच. साहजिकच, इंग्रजीला आठ किंवा नऊ पॉइंटचा आकार पुरतो, तेव्हा त्याच आकारात देवनागरीच्या मधल्या मजल्याला अर्धीमुर्धीच जागा मिळते. ओळीची उंची बेताची असेल तर वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो. कार्यालयातले बंगाली सहकारी त्या काळात आपसात रोमन अक्षरांतच बंगाली लिहीत. आपली लिपी त्यांना नकोशी नव्हती. मूळ मांडणीत ती वाचता येत नव्हती. इथे राजभाषेची गंमतही पाहण्यासारखी आहे. १९७६ च्या राजभाषा नियमांनुसार महाराष्ट्र 'ख' क्षेत्रात येतो आणि पश्चिम बंगाल 'ग' क्षेत्रात. दोन्हीकडे केंद्रीय कार्यालयांच्या नामपट्ट्या हिंदी व इंग्रजीत असाव्यात असे नियम सांगतो, आणि निरीक्षणाला येणारी समिती त्या पट्ट्या बारकाईने पाहते. त्याच दारामागच्या पडद्यावर कोणतीही भारतीय लिपी नीट वाचता येते का, हे पाहायला मात्र कोणी येत नाही.

प्रोग्रॅम बनवणारेही या बाबतीत सरकारी कार्यालयांपेक्षा फारसे वेगळे वागत नाहीत. पिजिनचे उदाहरण मुद्दाम सांगतो, कारण तो मुक्त स्रोताचा प्रोग्रॅम आहे. त्यामागे नफ्याची कंपनी नव्हती, चांगल्या हेतूने काम करणारे स्वयंसेवक होते. २००७ पर्यंत त्याचे नाव गेम होते. २००८ च्या सुरुवातीला आलेल्या २.४ या आवृत्तीत त्यांनी एक बदल केला. संदेश लिहिण्याची चौकट तोवर वापरणारा हवी तेवढी ओढून मोठी करू शकत असे. ती आता मजकुराप्रमाणे आपोआप वाढेल असे ठरले आणि हाताने ओढण्याची सोय काढून टाकली गेली. निर्मात्यांच्या दृष्टीने ही सुधारणा होती. वापरणाऱ्यांचा असा उद्रेक झाला की काही जणांनी मूळ आज्ञावली घेऊन फनपिजिन नावाचा निराळा प्रोग्रॅमच काढला. पुढे त्याचे नाव कॅरियर झाले. एका चौकटीची उंची कोणी ठरवायची, यावरून फाटाफूट! पुढे पिजिनने चौकट किमान किती ओळींची असावी हे ठरवण्याची सोय दिली.

त्या वेळी दोन्ही बाजूंनी बरेच शब्द खर्ची पडले. मला त्यात विशेष वाटते ते हे, की कोणाला केवढी चौकट लागते हे निर्मात्यांना कळणे शक्यच नव्हते. कोणी एका ओळीत बोलतो, कोणी परिच्छेद लिहितो, कोणी आधी कच्चा मजकूर मांडून मग पाठवतो. फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात म्हटले की समाजातील बरेचसे ज्ञान स्थळकाळाशी बांधलेले आणि माणसामाणसांत विखुरलेले असते, ते एका केंद्रात गोळा करता येत नाही. विद्यार्थिदशेत आम्ही तो निबंध किंमतव्यवस्थेसाठी वाचला. बडोबाबूंच्या डोळ्याचे ज्ञान कोणत्या केंद्रात गोळा होणार होते?

आता मराठीकडे वळतो, कारण या पानांचे बरेच वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात आणि हा प्रश्न त्यांच्या घरात रोज उपस्थित आहे, जरी तो त्यांना प्रश्न म्हणून दिसला नसला तरी.

मराठीत आपण 'ल' लिहितो तो पाकळीयुक्त आणि 'श' लिहितो तो देठयुक्त. हिंदीत ही दोन्ही अक्षरे वेगळ्या वळणाची आहेत. मुंबईच्या छापखान्यांनी, विशेषतः जावजी दादाजींच्या निर्णयसागरच्या खिळ्यांनी, मराठी डोळ्याला आपले वळण परिचित करून दिले. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ही वळणे प्रमाण ठरवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा तसाच निर्णय काढला. पण युनिकोडमध्ये 'ल' ला एकच संकेतांक आहे. आपला ल आणि हिंदीचा ल संगणकाच्या दृष्टीने एकच. तो दिसावा कसा हे फॉन्ट ठरवतो. बंगाली व असमियाच्या 'र' चे नशीब निराळे निघाले. त्यांची वळणे भिन्न म्हणून त्यांना दोन स्वतंत्र संकेतांक मिळाले. मराठीला ते मिळाले नाहीत, आणि मिळायला हवे होते असेही मी म्हणणार नाही, कारण मग शोध घेताना आणि शब्द जुळवताना नवी संकटे आली असती. मात्र याचा परिणाम समजून घ्यायला हवा. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि 'हा मजकूर मराठी आहे' असे लेबल असेल तर मराठी वळण आपोआप येते. चॅटच्या संदेशाला सहसा असे लेबल नसते. तेव्हा मूळ मांडणी हिंदी वळण दाखवते, आणि मराठी वळण हवे असेल तर एकच मार्ग उरतो: वाचणाऱ्याने आपल्या खिडकीसाठी मराठी वळणाचा फॉन्ट स्वतः निवडणे. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा त्यासाठीच आहे. पण प्रोग्रॅममध्ये फॉन्ट निवडण्याची सोयच नसेल, तर शासनाचे दोन निर्णय आणि एक सुंदर फॉन्ट त्या खिडकीच्या बाहेरच उभे राहतात.

वळणाचा प्रश्न कधी अर्थापर्यंतही जातो. 'आचार्यांना निरोप द्या' आणि 'आचाऱ्यांना निरोप द्या' यांत विद्वान आणि स्वयंपाकी यांची अदलाबदल होते, आणि तो फरक सांभाळतो तो नुसता चंद्रकोरीसारखा र. ज्या फॉन्टमध्ये हे रूप नाही तिथे तो मोडून दिसतो, आणि मोडका दिसतो म्हणून लोक तो लिहिणे सोडतात.

कोलकात्यात राहून हा विषय लिहिताना हुगळीपलीकडच्या श्रीरामपूरची आठवण येणे अपरिहार्य आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारे विल्यम केरी यांचे मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले, तेव्हा मराठी शब्दांना देवनागरी खिळे वापरले. पण महाराष्ट्रात व्यवहाराची लिपी मोडी होती. म्हणून मोडीचे खिळे ओतवले गेले, आणि १८१० चा त्यांचा मराठी कोश मोडीत निघाला. नागपूरकडचे पंडित वैजनाथ शर्मा या कामात त्यांच्या मदतीला होते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला जे वळण सवयीचे, ते त्याला द्यावे, हा विचार करून एका छापखान्याने शिसे वितळवले. आज तेवढ्याच कामाला एक मेनू पुरतो.

महाराष्ट्राबाहेरच्या घरांत मराठी मासिक येणे केव्हाच थांबले. मुले शाळेत देवनागरी शिकली असतील तर हिंदीच्या पुस्तकातून; परदेशात ती आईकडून शिकली असतील, नाही तर शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत. त्यांचे रोजचे मराठी वाचन म्हणजे आजीचा संदेश, मंडळाच्या गटावरची सूचना, मामाचा विनोद. म्हणजे चॅटची खिडकी हेच त्यांचे मराठीचे क्रमिक पुस्तक. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात एका कार्यक्रमाच्या वेळी, कोलकात्यातच वाढलेल्या एका मुलीने आजोबांच्या हस्ताक्षरातला ल पाहून 'हे कोणते अक्षर?' असे विचारले. तिने तो कुठे पाहिलाच नव्हता. तिच्यापर्यंत येणाऱ्या सगळ्या मराठीचे वळण अशा माणसांनी ठरवले होते, ज्यांच्यापुढे मराठी वाचक कधी आलाच नाही.

मूळ मांडणीला मी इतके महत्त्व का देतो, असे कोणी विचारील. बदलायचे असेल त्याने बदलावे, झाले. पण माणसे बदलत नाहीत. २००१ मध्ये ब्रिजिट मॅड्रियन आणि डेनिस शे यांनी एका अमेरिकी कंपनीच्या निवृत्तिबचत योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'सामील व्हायचे असेल तर अर्ज करा' याऐवजी 'आपण सामील आहात, नको असेल तर कळवा' एवढा बदल केल्यावर सहभाग खूपच वाढला होता. योजना तीच, पैसे तेच. आपल्याकडे राष्ट्रीय पेन्शन प्रणालीत केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आधी एकच ठरलेली गुंतवणूक होती. २०१९ पासून ती मूळ मांडणी म्हणून ठेवून निधी व्यवस्थापक व गुंतवणुकीचा नमुना निवडण्याची मुभा दिली गेली. मला हाच नमुना योग्य वाटतो. केंद्राने विचारपूर्वक एक चांगली मूळ मांडणी द्यावी, कारण बहुतेक जण तीच वापरणार. आणि दार उघडे ठेवावे, कारण ज्याला ती सोसत नाही त्याची अडचण केंद्राला दिसणार नाही. कर्मचाऱ्यांच्या आयुष्यभराच्या पुंजीबाबत आपण एवढा विश्वास दाखवतो आणि अक्षराच्या आकाराबाबत प्रमाणपत्र मागतो!

विरुद्ध बाजूचे दोन आक्षेप विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला अभिलेखाचा. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात माहितीच्या व्याख्येत ई-मेलपासून इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कोणत्याही सामग्रीपर्यंत सारे येते. कार्यालयीन चॅटवर घेतलेला निर्णय त्यातून सुटत नाही. मग प्रत्येकाच्या पडद्यावर तो निराळा दिसला तर खरा कोणता? याचे उत्तर सोपे आहे. साठवला जातो तो मजकूर, पाठवणाऱ्याचे नाव, हुद्दा, दिनांक आणि वेळ. रंग व आकार पडद्यावर चढवला जातो. जे साठवले जाते त्याला कोणालाही हात लावू देऊ नये. पाठवणाऱ्याने स्वतःचे नाव फुलापानांनी मढवून हुद्दा गाळणे, हे मी चालू देणार नाही. पूजेच्या दिवसांत आमच्याकडे ते सर्रास होई आणि कोणाला उत्तर देतो आहोत हेच कळेनासे होई.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. त्या दशकात लोक कुठून कुठून सजावटीची 'स्किन' आणि हसऱ्या चेहऱ्यांची गाठोडी उतरवून घेत, आणि त्यांच्याबरोबर जाहिराती दाखवणारे, कधी त्याहून वाईट प्रोग्रॅम आत शिरत. सरकारी संगणकावर बाहेरची स्किन बसवायला मनाई असावी, यात मला शंका नाही. पण बाहेरून आणलेली आज्ञावली आणि आतच असलेली सेटिंग या दोन गोष्टी एक नाहीत. चोर येईल म्हणून दाराला कुलूप लावणे समजते. त्या भीतीपोटी घरातली खुर्ची हलवायला बंदी घातलेली समजत नाही. तपासलेले पाचसात फॉन्ट कार्यालयानेच बसवून द्यावेत, म्हणजे तोही प्रश्न मिटतो.

खेदाची गोष्ट अशी, की काळ उलट दिशेने गेला आहे. व्हॉट्सॲपवर गडद रंगसंगती २०२० मध्ये आली, पार्श्वभूमीला वाटेल ते चित्र लावता येते, अक्षर लहानमोठे होते. अक्षराचे वळण मात्र निवडता येत नाही. सजावट पुष्कळ मिळाली आणि वाचनाची सोय आखडली. खासगी कंपनीला आपण विनंती करू शकतो. सरकार जे स्वतः विकत घेते किंवा बनवून घेते, तिथे अट घालता येते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, सरकारी संकेतस्थळांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. अंतर्गत संवादाच्या प्रोग्रॅमांची निविदा निघते तेव्हा त्यांचा आधार घेऊन चार ओळी घालायच्या आहेत. अक्षराचा आकार, फॉन्ट, पार्श्वभूमी व अक्षर यांच्या रंगांतील फरक आणि ओळींमधील अंतर वाचणाऱ्याला बदलता यावे. ही निवड त्याच्या खात्यासोबत राहावी, म्हणजे टेबल बदलले तरी पुन्हा करावी लागू नये. पाठवणाऱ्याची सजावट बंद करण्याची सोय असावी. आणि आठव्या अनुसूचीतील प्रत्येक भाषेची चाचणी त्या भाषेच्या नित्याच्या वाचकाकडून करून घ्यावी. या कलमाचा इंग्रजी मसुदा मी तयार केला आहे. खरेदी समितीवर असलेल्या कोणा मित्राला हवा असल्यास आनंदाने पाठवीन. हिंदी अनुवादही जोडला आहे.